फरदडीचा संगणक

(वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे संकलन)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल हे विषय बोलून झाले. आता जो विषय मांडायला मी उभा आहे, तो ऐकून मागच्या रांगेतले काही जण बिडी ओढायला बाहेर जातील. विषय संगणकाचा आहे. संगणक घ्यावा की घेऊ नये, हा वाद आता उरलेला नाही. तो घेऊन झाला. घेतलेला संगणक जुना झाला, ज्या कंपनीने त्याचे सॉफ्टवेअर केले तिने त्याची राखण सोडून दिली, तरी तो तसाच चालवत राहायचे का, एवढाच प्रश्न आहे.

"आमच्या घरी संगणकच नाही, आम्हाला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. घरात संगणक नसेल, पण तुम्ही संगणकात आहात. तुमचा सातबारा संगणकात आहे. १ मे २०१८ पासून तलाठ्याच्या शाईच्या सहीऐवजी डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर आली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नाव नोंदवावे लागले. विमा भरायचा तर सेवा केंद्र. कापसाच्या गाडीचे वजन जिनिंगच्या काट्यावर होते आणि पावती संगणकातून निघते. आपल्या विकास सोसायट्यांसाठी तर केंद्राच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशातल्या ६३,००० सोसायट्यांचे दप्तर संगणकावर न्यायचे ठरले.

२०१७ च्या कर्जमाफीची आठवण सर्वांना असेल. अर्ज ऑनलाइन, याद्या ऑनलाइन, आणि याद्यांचा घोळ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. एका आकड्याची चूक झाली की सबंध घर वर्षभर खेटे घालते. तेव्हा ज्या यंत्रात तो आकडा बसतो त्या यंत्राची राखण कोण करतो, हे विचारणे आपले काम आहे.

राखणदार माळ्यावरून उतरला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक गोष्ट घडली. संगणक सुरू केला की सर्वांत आधी एक मूळ सॉफ्टवेअर जागे होते आणि बाकीची सारी कामे ते करवून घेते. बहुतेक ठिकाणी ते असते विंडोज, मायक्रोसॉफ्ट कंपनीचे. तिचा 'विंडोज १०' हा वाण जुलै २०१५ मध्ये बाजारात आला होता. त्याचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्याआधीचा 'विंडोज ७' १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्याच्याही आधीचा 'एक्सपी' २००१ मध्ये आला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी संपला.

आधार थांबला म्हणजे काय झाले? १५ ऑक्टोबरच्या सकाळी सोसायटीच्या सचिवाने बटण दाबले. संगणक रोजच्यासारखा चालू झाला, पावती निघाली. सचिव म्हणाला, काही झाले नाही. आणि खरेच, त्या दिवशी काही होतही नाही.

ज्वारीवाल्यांना हे लगेच कळेल. ज्वारी निसवली, दाणा भरत आला, आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार उतरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी रान तसेच दिसते. कणसे तशीच, धाटे तशीच. फरक एवढाच की आता पाखरांना कोणी अडवणार नाही. पाखरे त्याच दिवशी येतील असे नाही. पण एकदा आली की थवा येतो.

आता राखण म्हणजे नेमके काय, तेही समजून घेऊ. विंडोजसारखे सॉफ्टवेअर म्हणजे सूचनांच्या कोट्यवधी ओळी. माणसांनी लिहिलेल्या, त्यामुळे त्यात चुका राहतात. काही चुका अशा की त्यातून बाहेरचा माणूस यंत्रात शिरतो. अशी भोके दर महिन्याला सापडतात. कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवर ठिगळे पाठवते. यालाच अपडेट म्हणतात. आधार संपला की ठिगळ येत नाही, भोके मात्र सापडतच राहतात.

आणि यात आणखी एक मेख आहे. नवे विंडोज जुन्याच्याच मापावर शिवलेले असते, बरेच कापड तेच. नव्याला कुठे ठिगळ लावले हे जगजाहीर होते. चोर ते ठिगळ पाहतो आणि म्हणतो, म्हणजे जुन्यालाही इथेच भोक असणार, आणि तिथे ते बुजवणारे कोणी नाही. म्हणजे नव्या सॉफ्टवेअरची दर महिन्याची दुरुस्ती ही जुन्याच्या चोरवाटेचा पत्ताच ठरते. जुने यंत्र जितके दिवस चालेल तितके जास्त उघडे पडत जाते. ते झिजत नाही, त्याच्यात काही बिघडत नाही. जग त्याला ओळखत जाते.

बोंडअळीने शिकवलेला धडा

कापूसवाल्यांना हा धडा नवा नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये आले. सुरुवातीची वर्षे बोंडअळीची चिंता मिटली, फवारण्या कमी झाल्या, आणि हे आपण विसरणार नाही. मग काय झाले? २०१० मध्ये गुजरातेतून बातमी आली की गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. पुढे चार-पाच वर्षांत बोलगार्ड-२ देखील तिने पचवले. २०१७ मध्ये यवतमाळपासून मराठवाड्यापर्यंत बोंडे फोडली की आत किडका कापूस निघत होता.

बियाणे बिघडले होते का? पाकिटातले जनुक तेच, विष तेच. बियाणे होते तिथेच राहिले, अळी शिकत गेली. आणि २००६ नंतर २०२५ संपेपर्यंत बोलगार्ड-२ ची जागा घेणारे पुढचे बियाणे या देशात व्यापारी लागवडीसाठी आले नाही. संगणकवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर आपले बियाणे वीस वर्षे अपडेटशिवाय चालले आहे. आधार संपलेले सॉफ्टवेअर वापरणे म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगायला शहरात शिबिरे घ्यावी लागतात, ते कापूस पिकवणाऱ्याने बोंडात पाहिले आहे.

आता गोष्ट फरदडीची. डिसेंबरात वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, हे कृषी खाते सांगते. पण रानात ओल असेल तर आपण एक पाणी देतो, खत टाकतो आणि आणखी दोन-चार क्विंटल काढतो. खर्च जवळजवळ नाही, आलेला कापूस फुकटातला वाटतो. ज्याच्या हातात रब्बीच्या पेरणीलाही पैसा नाही त्याने फरदड घेतली तर त्याला मूर्ख म्हणणारा मी नव्हे. पण त्या फरदडीवर गुलाबी अळी उन्हाळ्यापर्यंत पोसली जाते आणि पुढच्या जून-जुलैत साऱ्या शिवाराच्या कापसावर उतरते. ज्याने पऱ्हाटी वेळेवर उपटली त्याच्याही.

आधार संपलेला संगणक ही फरदड आहे. दोन-चार वर्षे फुकटात निघाल्यासारखी वाटतात. आणि तो संगणक तारेने किंवा वायफायने दुसऱ्या दहा यंत्रांना जोडलेला असेल तर त्याचा कीडा त्या दहांवर उतरतो.

न्हावा शेवापर्यंत आलेला कीडा

ही नुसती उपमा नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा कीडा जगात सुटला. संगणकात शिरायचा, सगळ्या फायलींना कुलूप लावायचा आणि पडद्यावर चिठ्ठी चिकटवायचा: कुलूप काढायचे असेल तर तीनशे डॉलर टाका. दीडशेवर देशांत दोन लाखांहून जास्त संगणक त्याने धरले. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

ज्या भोकातून तो शिरला त्यावरचे ठिगळ कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे दोन महिने आधीच दिले होते. एक्सपीचा आधार तीन वर्षांपूर्वी संपला होता, म्हणून एक्सपीवाल्यांना ते मिळाले नव्हते. कीडा सुटल्यावर, दुसऱ्या दिवशी, कंपनीने अपवाद करून त्यांनाही दिले. पण नीट ऐका: ज्यांचे संगणक सापडले त्यांतले बहुतेक विंडोज ७ चे होते. त्या वेळी विंडोज ७ चा आधार चालू होता. ठिगळ दाराशी आले होते, ते लावले नव्हते. बीटीच्या पाकिटासोबत बिगर बीटीची १२० ग्रॅमची पुडी येत होती, कडेने लावा म्हणून. किती जणांनी लावली? बहुतेक पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. त्यातलाच हा प्रकार. राखणदार असून उपयोग नाही, त्याने हाक मारली तर ऐकलीही पाहिजे.

दीड महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, दुसरा कीडा सुटला. त्याला 'नॉटपेट्या' म्हणतात. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो निघाला आणि आला कुठे? आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा शेवाच्या बंदरात. तिथले एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. त्याचे काम ठप्प झाले, कंटेनर तुंबले. हे तेच बंदर, जिथून आपला कांदा आणि कापूस परदेशी जातो. मर्स्कला त्या एका कीड्यापायी पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा फटका बसला आणि दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्यांच्याच अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

या कीड्याची चाल शिकण्यासारखी आहे. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला तेच भोक तो शोधायचा. तसे एक यंत्र सापडले की त्याच्या पोटातून परवलीचे शब्द चोरायचा आणि त्या किल्ल्यांनी शेजारची ठिगळ लावलेली यंत्रेही उघडायचा. जाळ्यातल्या एकाने राखण सोडली तर राखण ठेवणाराही वाचत नाही. फरदडीचा नियम तोच.

"आमच्याकडे चोरायला आहे काय?"

हा प्रश्न हमखास येतो. सोसायटीत दोन टेबले, एक कपाट आणि सचिवाची सायकल. चोर येईल कशाला?

चोर माणूस येतच नाही. कीडा येतो, आणि तो सातबारा पाहून शिरत नाही. भोक दिसले की शिरतो. न्हावा शेवाच्या बंदराशी त्याचे काय वैर होते? आणि दुसरे असे की पैसे असलेल्या ठिकाणी माणूसही येतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये संगणकावाटे गेले. एटीएममधून रक्कम निघाली ती कित्येक देशांत एकाच वेळी. तिथे कारण जुने विंडोज होते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की "पुण्यापर्यंत कोण येतो" हे म्हणायचे दिवस गेले.

तिसरे, चोरीपेक्षा नासाडी मोठी. सोसायटीची खतावणी कुलूपबंद झाली तर चोराला तिचा उपयोग शून्य. पण तुमच्या कर्जाचा हप्ता भरल्याची नोंद त्यातच आहे. तुमच्याकडे पावती असेल तर ठीक, आणि पावती जनावराच्या गोठ्यात भिजली असेल तर?

"अँटिव्हायरस टाकला आहे" असेही उत्तर मिळते. ती फवारणी आहे. ओळखीचा कीडा तिने मरतो. घराच्या भिंतीचे भोक फवारणीने बुजत नाही.

लोक जुने का सोडत नाहीत?

शहाणे लोक म्हणतील, खेडूत अडाणी आहेत, म्हणून जुने कवटाळून बसतात. मग बँकांचे काय? एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला. देशातली पुष्कळशी एटीएम त्यानंतरही एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना ताकीद दिली. ती पुरली नाही, म्हणून २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून टप्पे बांधून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम बदलायला सांगितली. आधार संपल्यापासून पाच वर्षे. तिथे कोणी अडाणी नव्हता, पैशांची कमी नव्हती. चालते आहे तोवर चालू द्या, हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला खेडे-शहर नाही.

आपल्याकडे मात्र आणखी दोन कारणे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले पैशाचे. विंडोज ११ हे विंडोज १० वाल्यांना फुकट मिळते, पण ते साधारण २०१८ च्या आधीच्या यंत्रावर रीतसर चढत नाही. त्याला विशिष्ट सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट, तरी बाद. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की जगात चोवीस कोटी संगणक अशा रीतीने भंगारात जाऊ शकतील. खोंड चांगला चालतो आहे, पण कासऱ्याची फॅशन बदलली म्हणून बाजार दाखवा, असा हा प्रकार.

दुसरे कारण आपल्या मराठीचे. जुन्या काळी युनिकोड रुळले नव्हते, तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा, त्याचे अक्षरांचे आकडे वेगळे. छपाईच्या दुकानांत पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि त्याच्यासोबत असे फॉन्ट, मागे लावायचे कुलूप घातलेले. पंचवीस वर्षांचा मजकूर त्यात. नव्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा भुगा दिसतो. सोसायट्या, पतसंस्था, जिनिंग यांच्याकडेही कोणा एका माणसाने करून दिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर असते. तो माणूस दुसऱ्या धंद्यात गेला, आणि सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. जुने यंत्र सोडले तर दप्तर सुटते. ही आळसाची गोष्ट नाही, ही कोंडी आहे.

या कोंडीत जुनेपणाचा दोष नाही. मालदांडी ज्वारी मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडली गेली. आज तिची भाकरी खाणाऱ्याला कोणी 'तुझा आधार संपला' म्हणत नाही. कारण तिचे बी आपल्या कणग्यात आहे. ते राखायला, निवडायला, शेजाऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. जी वस्तू जिवंत ठेवण्याची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात आहे, ती वस्तू कंपनी म्हणेल त्या तारखेला म्हातारी होते.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची लढाई ह्याच मुद्द्यावर झाली. त्यांचे ट्रॅक्टर सॉफ्टवेअरवर चालतात. ट्रॅक्टर रानात बंद पडला तर पाना हातात असून उपयोग नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पेरणी थांबते. त्यांनी दुरुस्तीचा हक्क मागितला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी तसा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करायचा हक्क घेणाऱ्याचा, ही मागणी तिथल्या मका पिकवणाऱ्याची आहे तशी ती आपलीही असली पाहिजे.

मग करायचे काय?

सरकारकडे नुसता अर्ज करून बसणे ही आपली रीत नव्हे. आधी आपल्या हातातले करू.

पहिले काम, मोजदाद. गावात सार्वजनिक कामाचे संगणक किती? सोसायटी, दूध डेअरी, सेवा केंद्र, काटा, ग्रामपंचायत. प्रत्येकाच्या स्टार्टच्या खिडकीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की कोणते विंडोज आहे ते दिसते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, एका दुपारी यादी होईल. यादीत विंडोज ७ निघाले तर ते सर्वांत आधी हाताळायचे. गुगलचा क्रोम ब्राउझर देखील फेब्रुवारी २०२३ पासून त्यावर नव्या आवृत्त्या देत नाही. चोरून टाकलेले विंडोज निघाले तर त्याची राखण पहिल्या दिवसापासूनच भरवशाची नव्हती असे धरा.

दुसरे, ज्या यंत्रावर विंडोज ११ चढते त्यावर ते चढवा. त्याला पैसे पडत नाहीत. आधी सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवा.

तिसरे, ज्यावर चढत नाही आणि लगेच नवे घेणे जमत नाही, त्यासाठी कंपनीने जादा मुदतीची सोय जाहीर केली. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. संस्थांसाठी पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे. पहिल्या वर्षी एका यंत्राला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. ही मुदत म्हणजे उचल आहे, माफी नव्हे. तेवढ्या काळात पैशाची तजवीज करायची.

चौथे, मालदांडीसारखे बी संगणकातही आहे. त्याचे नाव लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केले, जगभरच्या लोकांनी वाढवले. फुकट मिळते, वाटता येते, आणि कोणा एका कंपनीने सोडले तरी दुसरे राखतात. जुन्या यंत्रावर चालते. मराठी टायपिंग होते, पत्रे, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट सगळे होते. आपल्या सी-डॅकने 'बॉस' नावाने देशी लिनक्स केले. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुले वर्षानुवर्षे याच जातीच्या सॉफ्टवेअरवर शिकतात. पण डोळे झाकून पेरू नका. अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, बँकेचे सॉफ्टवेअर, काट्याची जोडणी, यांतले काही लिनक्सवर चालत नाही. आधी एका यंत्रावर महिनाभर करून पाहा. नवा वाण आपण सबंध रानात पहिल्याच वर्षी पेरतो का?

पाचवे, ज्याला फरदड ठेवणे भागच आहे, त्याने ती कुंपणात ठेवावी. जुन्या सॉफ्टवेअरशिवाय काटा चालत नाही, जुना मजकूर उघडत नाही, ठीक. त्या यंत्राची इंटरनेटची तार काढा, वायफाय बंद करा. त्यावर बँकेचा व्यवहार नाही, मेल नाही. कोणाचाही पेनड्राइव्ह त्यात खुपसू देऊ नका. तारेइतकाच तो रस्ता कीड्याला पुरतो. आणि त्यातले दप्तर, मजकूर, थोडे थोडे करून युनिकोडमध्ये आणि नव्या यंत्रात आणा. दर आठवड्याला एक दिवस ठरवला तरी दोन वर्षांत कोंडी फुटते.

सहावे आणि सर्वांत मोलाचे, बियाणे एकाच कणगीत ठेवायचे नाही. दप्तराच्या तीन प्रती. एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. बाहेरची डिस्क प्रत काढून झाली की उपसून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर कीडा तिलाही कुलूप लावतो. आणि तीन महिन्यांनी एकदा ती प्रत उघडून पाहायची. न उघडलेली प्रत म्हणजे उगवण न तपासलेले बी.

एवढे करूनही कीडा लागला तर? लागलीच तार काढा. खंडणी देऊ नका. दिली तरी कुलूप निघेल याची हमी चोराकडे मागणार कशी? पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

खिशातल्या मोबाईललाही हाच नियम आहे. त्याचाही आधार काही वर्षांनी संपतो. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप जुन्या अँड्रॉइड ४.४ वर चालेनासे झाले, तेव्हा कित्येकांना ते कळले. ज्या फोनवर बँकेचे ॲप आहे तो तरी अपडेट मिळणारा असावा. घरात फोन एकच नवा असेल तर व्यवहार त्यावर करा आणि जुना पोरांना गाणी ऐकायला द्या.

सर्वसाधारण सभेत विचारा

शेवटचे सांगतो. ट्रॅक्टर घेतला की आपण घसारा धरतो. बैल घेतला की चौथ्या-पाचव्या वर्षी दुसरा लागणार हे मनात धरून चालतो. सोसायटीच्या ताळेबंदात संगणकाचा घसारा कागदावर लिहिला जातो, पण बदलीचा पैसा बाजूला पडतो का? पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या संगणकाचा आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे? दप्तराची प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? नव्या यंत्रासाठी दर वर्षी किती रक्कम बाजूला ठेवता? इतिवृत्तात उत्तरे लिहून घ्या. सचिवाला धारेवर धरू नका. बहुतेक ठिकाणी तो एकटाच ओढतो आहे, आणि यंत्राची मागणी त्याने केली तर ती नामंजूर करणारे आपणच असतो.

आणि दर ३१ मार्चला प्रत्येक सभासदाने आपल्या खात्याचा छापील, सही-शिक्क्याचा उतारा मागून घ्यावा. मुद्दल किती, व्याज किती, भरणा किती. तो ट्रंकेत, सातबाऱ्याच्या शेजारी. साऱ्या यंत्रांना कुलूप लागले तरी तो कागद बोलेल.

परवानगी असेल तर या बैठकीत एवढा ठराव करू: येथे आलेल्या प्रत्येक गावाने पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या सार्वजनिक संगणकांची यादी, त्यांतले विंडोज आणि प्रतींची तारीख लिहून आणावी. ज्यांना जमले त्यांनी न जमलेल्यांना हात द्यावा. पऱ्हाटी उपटायची तर सगळ्या शिवाराने एका हंगामात उपटायची असते. यादीही सगळ्या गावांची एकदमच येऊ द्या.